फोटो काढला, तो दिला का?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना श्रोत्यांच्या जागी वाचक धरले आहेत. बाकी मजकूर बहुतेक तोच आहे.)



समारंभात काही बोलावे असे चिटणीससाहेबांनी सुचवले, तेव्हा मी म्हटले, शिक्षणाविषयी बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मी माझ्या फोटोग्राफीच्या छंदाविषयी बोलतो. ते हसून म्हणाले, "जरूर बोला. पण सहलीचे फोटो केव्हा देणार, तेही सांगा." सहल होऊन वर्ष उलटले होते आणि फोटो अजून माझ्याकडेच होते. मी ओशाळलो. परंतु नंतर वाटले की त्यांनी थट्टेत माझ्या भाषणाचा विषयच मला काढून दिला.

मी काही कलावंत नव्हे. शाळा सुटल्यावर आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भटकणारा एक हौशी माणूस आहे. हा नाद मला माझ्या मामूंमुळे लागला. त्यांच्याकडे अॅग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा तो काळा डबा त्या काळी मध्यमवर्गीय घरांत बऱ्यापैकी दिसे. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे मामू एका फोटोसाठी पाच-पाच मिनिटे माणसांना उन्हात उभे करीत. रोल संपायला ईद ते ईद लागे. मग तो धुवायला द्यायचा, आठ दिवस थांबायचे आणि प्रिंट आले की मोहल्ल्यात वाटायचे. फोटोत जे जे असत ते दाराशी येऊन प्रती मागून नेत. फोटो म्हणजे कागद, आणि कागद ज्याच्या चेहऱ्याचा त्याच्याकडे तो जायचाच, हे सर्वांनी धरलेले होते. माझा पहिला कॅमेरा मी २०१४ साली, म्हणजे आपला पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, जुन्यातून घेतला. तो डिजिटल. एका सकाळी तीनशे फोटो निघू लागले आणि कागद मात्र एकही निघेना. हा फरक ध्यानात यायला मला चार वर्षे लागली.

कॅमेरा म्हणजे काय हे मी मुलांना वर्गातच दाखवतो. आठवीच्या वर्गाच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करायच्या आणि एका कागदाला तांदळाच्या दाण्याएवढे भोक पाडायचे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर मैदानातले चिकूचे झाड उलटे उभे राहते. पहिल्यांदा हे केले तेव्हा एक मुलगा दार उघडून झाड खरेच उलटे झाले आहे का ते पाहून आला. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैथम यांनी असेच बारीक छिद्र वापरून ग्रहणातल्या सूर्याची चंद्रकोरीसारखी प्रतिमा अभ्यासली आणि प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या समारंभांत त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. घ्यावेच, परंतु नाव घेऊन झाल्यावर मुलांना ते भोक पाडून दाखवणारे थोडे. असो.

एक प्रश्न मला आपल्या लोकांकडून नेहमी येतो, तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. फोटो काढणे जायज आहे का? मी आलिम नाही आणि फतवा देण्याचा मला अधिकार नाही. उलेमांत याविषयी मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे मत मांडले की फोटो ही हाताने घडवलेली प्रतिमा नसून आरशातल्या प्रतिबिंबासारखे धरून ठेवलेले प्रतिबिंब आहे. आपल्या देशातल्या अनेक उलेमांना हे मान्य नाही. गरजेपुरती सवलत मात्र ते देतात. मी एवढेच सांगू शकतो की मदिनेचे पहिले फोटो १८६१ साली आणि मक्केचे १८८० साली काढणारे सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले अभियंता होते, पोट भरणारे फोटोग्राफर नव्हते. मक्केचे काम त्यांनी हज-काफिल्याचा हिशेब सांभाळता सांभाळता केले. लखनौचे दरोगा अब्बास अली हेही पेशाने नगरपालिकेकडचे अभियंता. त्यांनी १८७४ साली आपल्या शहराचे पन्नास फोटो असलेला अल्बम छापला. हौशी माणसे आपल्यातही होऊन गेली.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या दादीला फोटोचे वावडे होते. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ती पदर पुढे ओढून आत जाई. हजचा पासपोर्ट काढायचा ठरला तेव्हा फोटो लागणार म्हणून ती तीन दिवस अडून बसली. शेवटी मौलवीसाहेबांनी समजावले तेव्हा स्टुडिओत गेली आणि रागाने कॅमेऱ्याकडे पाहत बसली. आज ती नाही. तिचा तोच एक फोटो घरात आहे, टिकलीएवढ्या चौकटीतला, रागावलेला. माझे अब्बा सकाळी कपाट उघडतात तेव्हा आधी त्याच्याकडे पाहतात. दादीचे म्हणणे बरोबर होते की चुकीचे, हे मी ठरवीत नाही. पण ज्या घरात माणसाचा एकच फोटो असतो त्या घरात तो काय असतो, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही पुढे मी जे केले ते केले.

आता आपल्या मुलखाविषयी. छंदिष्टाला डहाणूसारखी जागा मिळणे हे नशीब आहे. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळचा उजेड फुकट मिळतो. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतके दूर जाते की ओल्या वाळूवर सुरूच्या झाडांचे प्रतिबिंब पडते. मासेमारांच्या वस्तीत बांबू-दोरीच्या वलांडीवर बोंबील टांगलेले असतात. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात ते चांदीसारखे दिसतात आणि दहा वाजता नुसते बोंबील दिसतात. घोलवडच्या वाड्यांत लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून चिकू उतरवणारे मजूर, घरोघर सोन्याच्या बांगड्यांचे साचे कोरणारे डायमेकर, पावसाळ्याच्या तोंडावर राब भाजल्याने काळी पडलेली शेते, चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला लोटलेली गर्दी, मागे तो सुळका. तलासरीकडे वळले की चढ-उतार, साग, पळस आणि कुडाची घरे. पळस फुलला की फोटोग्राफरही उमलतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून रविवारी मुंबईचे कॅमेरेही पुष्कळ दिसतात.

या सर्वांना, आणि मलाही, हवी असते ती वारली माणसे. डोईवर मोळी, हातात कोयता, तारप्याभोवती फेर. याचाही इतिहास जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, हिंदुस्थानातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी ती एक, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्याच मंडळींतला विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकर. त्याने मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले. माणसांचे फोटो एकीकडे घेतले आणि मागचे दृश्य दुसऱ्याच फोटोतले आणून जोडले. माणूस एका जागेचा, जागा दुसऱ्याची, खाली जातीचे नाव. माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच.

हे वाचून मला प्रथम हसू आले. मग आठवले की तलासरीच्या एका पाड्यावर शेळ्या राखणाऱ्या पोराला मी अंगातला क्रिकेटचा टी-शर्ट काढून ठेवायला सांगितले होते. टी-शर्टामुळे फोटो आदिवासी वाटत नव्हता. पोराने काढला. थंडीचे दिवस होते. तो फोटो मी पुढे कोठेही दिला नाही, पण काढला होता हे खरे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. डिसेंबर २०१६ मध्ये तलासरीजवळच्या एका चढावर सूर्य मावळताना एक बाई मोळी घेऊन येताना दिसली. मी रस्त्याच्या खालच्या बाजूला बसलो. सूर्य बरोबर तिच्या मागे आला. अशा वेळी उजेड आभाळाच्या हिशेबाने धरला की माणूस पूर्ण काळा येतो, नुसती आकृती उरते. ते मला हवेच होते. चार फोटो घेतले. बाई थांबली, माझ्याकडे पाहून काही बोलली, हसली आणि गेली. घरी येऊन पाहिले तर एक फोटो नामी साधला होता. उरलेल्या तिनांत चेहरा अर्धवट दिसत होता, त्यातल्या एकात ती हसत होती, पण डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत होता. कार्डात जागा हवी म्हणून ते तीन त्याच रात्री पुसून टाकले. उरलेला एका स्पर्धेला पाठवला. प्रमाणपत्र मिळाले. सहकाऱ्यांनी मोठा प्रिंट करवून शिक्षकांच्या खोलीत लावला. खाली मी 'श्रमदेवता' असे नाव दिले होते. आज ते नाव लिहितानाही कसेसे होते.

जून २०१८ मध्ये आठवीत नवीन आलेला एक वारली मुलगा वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या खोलीत आला. गठ्ठा ठेवून तो फोटोपुढे उभा राहिला. म्हणाला, "सर, ही माझी आई."

मी म्हटले, कशावरून? त्यात तर चेहराच नाही.

"ती मोळी डाव्या बाजूला कलती धरायची. आणि लुगड्याचा काचा असाच."

आई मागच्या पावसाळ्यात वारली होती. घरात तिचा फोटो नव्हता. एक ओळखपत्र होते, ते गळक्या घरात भिजून चेहरा पुसला गेला होता. मुलाने विचारले, दुसरा फोटो आहे का, तोंड दिसणारा. मी नाही म्हणालो. पुसून टाकला हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. आज तो मुलगा मोठा झाला आहे, त्याला नंतर सांगितले, म्हणून येथे लिहितो. तो ऐकून थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने वेगळाच काही विषय काढला.

मी मनाशी पुष्कळ समर्थने केली. वारली चित्रांतही माणसांना नाक-डोळे नसतात, दोन त्रिकोण आणि एक वाटोळे डोके. जिव्या सोमा म्हसे यांना त्या चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली, साऱ्या जगाने ती पाहिली, मग माझ्या काळ्या आकृतीत काय वाईट? पण हे लंगडे समर्थन आहे. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात तो देवीसाठी. तेथे कोणा एकीचा चेहरा हरवलेला नसतो. मी मात्र समोर हसणाऱ्या बाईचा चेहरा मिळालेला असताना टाकून दिला होता.

प्रिंट मी त्या मुलाला दिला, प्रमाणपत्राची पट्टी आणि खालचे नाव काढून. काही दिवसांनी त्यांच्या पाड्यावर गेलो तेव्हा तो कुडाच्या भिंतीवर लावलेला दिसला. मुलाच्या वडिलांनी मला चहा दिला. फोटोविषयी ते काही बोलले नाहीत. धाकटी मुलगी मात्र फोटोजवळ जाऊन बोट लावून मोळीतली लाकडे मोजत होती.

त्यानंतर मी जुन्या फोटोग्राफरांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. सुनील जाना हे कलकत्त्यात इंग्रजीचे विद्यार्थी, कॅमेऱ्याची निव्वळ हौस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पी. सी. जोशी त्यांना बरोबर घेऊन गेले आणि त्या हौसेचे आयुष्यभराचे काम झाले. आपल्याकडचा वारल्यांचा लढा चालू असताना, १९४५ च्या सुमारास, त्यांनी गोदावरी परुळेकर आणि वारली शेतकरी यांचे फोटो घेतले. तलासरीतल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी जी परिषद भरली तिच्यापासून वेठबिगार मोडून काढण्याची हाक गावोगाव गेली, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. जाना यांच्या हातातही कॅमेराच होता आणि पुढे वारली माणसेच होती. पण ती कोणत्या कामासाठी उभी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. मला त्या चढावर फक्त सूर्य कोठे आहे ते ठाऊक होते.

माझा कॅमेरा पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडला तो भूकंपात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून गडगड असा आवाज, मग घर हलायचे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. घाबरून पळताना एक लहान मुलगी दगावली. धुंदलवाडीच्या बाजूची माणसे थंडीत तंबूंत आणि उघड्यावर झोपू लागली. एका पालकाने मला विचारले, "सर, आमच्या भिंतीचा फोटो काढाल का? अर्जाला जोडायचा आहे." मी आजवर भिंतींचे फोटो काढले होते ते मातीच्या पोतासाठी, उन्हाच्या पट्ट्यासाठी. गेलो. भेग किती रुंद आहे हे फोटोवरून कळेना, म्हणून खिशातला खडू काढून तिच्याशेजारी धरला. मग सगळीकडे तसेच केले. खडू, तारीख लिहिलेली पाटी आणि घरमालक दारात उभा. दोन रविवारांत त्या पाड्यातली घरे झाली. त्यांत एकही फोटो स्पर्धेला पाठवण्यासारखा नाही. पण बायका-माणसे सांगत होती, इकडून घ्या, येथे जास्त फाटली आहे, आणि मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे उभा राहत होतो. कोठे उभे राहायचे हे ज्याचा फोटो आहे त्याने मला सांगावे, हे त्याआधी कधी घडले नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. माणसाचा फोटो घेण्याआधी विचारतो. नाव लिहून घेतो. नको म्हटले तर कॅमेरा खाली. घेतलाच तर निदान एक फोटो चेहऱ्यावर उजेड असलेला घेतो, विजेचा खांब आला तरी. आणि महिन्यातून एकदा प्रिंट करून पिशवीत घालून वाटायला निघतो. आपण म्हणाल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, कागद कशाला? मोबाईल पाण्यात पडतो, बिघडतो, बदलला जातो आणि त्यातले फोटो त्याच्याबरोबर जातात. पाड्यांवर मी पाहिले आहे, प्रिंट हातात दिला की तो आधी लुगड्याच्या पदराने पुसला जातो. एका प्रिंटला चहाच्या एक-दोन कपांएवढा खर्च येतो. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे मात्र दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत सापडत नाहीत, त्यांचे प्रिंट शेजारी ठेवावे लागतात.

किनाऱ्याचेही फोटो मी आता अधिक काढतो. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराविषयी मते वेगवेगळी आहेत, आणि या व्यासपीठावर तो वाद मी आणत नाही. पण वाढवणच्या खडकांवर ओहोटीला शिंपले-खेकडे वेचायला जाणाऱ्या बाया, किनाऱ्याला ओढलेल्या होड्या आणि ती मोकळी कड यांचे फोटो नावानिशी, तारखेनिशी ठेवायचे काम आजच होऊ शकते. आपल्या शाळेतल्या ज्या मुलांच्या हातात मोबाईल आहेत त्यांना मी हेच करायला लावले आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा एक फोटो काढायचा, उजेडात बसवून, आणि खाली पूर्ण नाव लिहायचे. ज्यांच्या घरी माणसाचा फोटो नको असेल त्यांनी त्या माणसाच्या वापरातल्या वस्तूचा काढायचा. एका मुलीने आजोबांची तसबीह आणि चष्मा असा फोटो आणला. तो मला फार आवडला.

शेवटी चिटणीससाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर. सहलीचे फोटो प्रिंट करून संस्थेच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. त्याच टेबलावर एक तपकिरी पाकीट आहे. त्यात मला ज्यांचा पत्ता लागला नाही अशा माणसांचे चौदा फोटो आहेत, बहुतेक २०१८ च्या आधीचे, नावे न विचारता घेतलेले. डहाणूच्या खाडीत जाळे विणणारा एक वृद्ध आहे, त्याच्या डाव्या हाताला चार बोटे आहेत. महालक्ष्मीच्या जत्रेत फुगा घेऊन रडणारी एक मुलगी आहे, ती आता बरीच मोठी झाली असेल. घोलवडच्या वाडीत चिकूच्या पाट्या भरणाऱ्या दोन बायका आहेत, बहिणी वाटतात. आणि टी-शर्ट काढायला लावलेला तो मुलगा आहे. आपल्यापैकी कोणी यांना ओळखत असेल तर पाकिटातून फोटो काढून न्यावा. सही करण्याची गरज नाही. ग्रंथालय जुम्म्याखेरीज रोज दुपारी बारा ते पाच उघडे असते.